ओट्यावरची उन्हाची रेघ

आमच्या भागात आजारी माणसाला पहिला सल्ला मिळतो तो उन्हाचा. सांधे धरलेले असोत, बाळंतीण असो, नाहीतर परीक्षेत नापास होऊन कोपऱ्यात बसलेलं पोरगं असो, जुनी माणसं एकच सांगतात, सकाळच्या कोवळ्या उन्हात बस. सल्ला चांगलाच आहे. मीही तो कितीजणींना दिला असेल. फक्त मला तो लागू नव्हता. हे कळायला माझा एक हिवाळा गेला आणि पटायला दुसरा.

तुमच्यापैकी कुणाला डॉक्टरांनी ‘ल्युपस’ असं नाव सांगून घरी पाठवलं असेल, आणि ती आता खिडकीला चादर बांधून आत बसली असेल, तर हे तिच्यासाठी आहे. गोळ्यांचं डॉक्टर सांगतील. भर दुपारी, सगळं गाव बाहेर असताना, एकटीनं आत बसल्यावर काय होतं ते मी सांगते.

रापलेलं तोंड

मी वाटूरजवळच्या एका गावची. आमचं मिरचीच्या बियाण्याचं शेडनेट आहे. शेडनेट म्हणजे लोखंडी पाइपांवर ताणलेली हिरवी जाळी. तिच्या आत आम्ही मिरचीचा संकर करतो. दुपारनंतर बायका रांगेनं बसून कळ्या चिमट्यानं उघडतात आणि त्यातले नर, म्हणजे परागाचे केसर, काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि ओळखीला दोरा बांधायचा. नाजूक काम आहे. हात हलका लागतो आणि तोंड मोकळं असतं, म्हणून जाळीच्या आत दिवसभर गप्पांचा फड जमतो. कुणाच्या सुनेला दिवस गेले इथपासून कुणाच्या घरी काल काय शिजलं इथपर्यंत सगळं तिथं कळतं. टोळी मी चालवायची. मुमताजबी माझ्या शेजारच्या रांगेत असायची. तिच्याइतकं जलद काम आणि तिच्याइतकी जलद जीभ अख्ख्या गावात कुणाची नाही.

पहिल्यांदा तोंड लाल झालं तेव्हा तिनंच पाहिलं. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर. मी म्हटलं, उन्हानं रापलं. शेतातली बाई रापणार नाही तर काय गोरी होणार? मंग बोटांचे सांधे सुजायला लागले. चिमटा धरवेना. सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळायची नाही, तव्यावरची भाकरी उलटताना डोळ्यांत पाणी यायचं. केस कंगव्यात गुंतून यायला लागले. आणि थकवा असा की उभ्या उभ्या भिंतीला टेकावं वाटे. यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, तालुक्याहून मलम आणलं, ताकदीच्या गोळ्या आणल्या. त्यांना वाटलं कामाचा शीण आहे. मलाही तसंच वाटलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी मात्र मलमावर विश्वास ठेवला नाही. त्यांच्या मते थंडीनं सांधे धरले होते. रोज सकाळी ओट्यावर पोतं टाकायच्या, मला उन्हाकडं तोंड करून बसवायच्या आणि तिळाचं तेल कोमट करून माझी बोटं, मनगटं, गुडघे चोळायच्या. स्वतः शेजारी बसायच्या. आत्याबाईंचं आणि हिवाळ्यातल्या उन्हाचं जुनं सख्य. थंडीत त्या ओट्यावर ऊन येईपर्यंत चहासुद्धा पीत नाहीत. माझ्या आईनं कधी केली नसेल एवढी माझी सेवा त्यांनी त्या हिवाळ्यात केली. तास दीड तास उन्हात बसून मी घरात यायची आणि अंथरुणावर पडायची ती संध्याकाळपर्यंत. अंगात कणकण. तोंडात फोड.

आत्याबाई म्हणायच्या, “अंगातली थंडी निघून राह्यली, म्हणून दुखतंय. अजून बसावं लागल.”

आणि दुसऱ्या दिवशी अजून थोडं जास्त बसवायच्या.

नाव कळलं तो दिवस

शेवटी संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. आत्याबाई बरोबर होत्या, कारण डॉक्टर लोक अर्धवट ऐकतात आणि पूर्ण औषध देतात असं त्यांचं मत. हातातल्या पिशवीत तेलाची बाटली होती.

रक्त, लघवी, पुन्हा रक्त असं करत आठवडा गेला. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. त्यांनी विचारलं, उन्हात गेल्यावर जास्त होतं का? मला हसू आलं. मी म्हटलं, मॅडम, आम्ही उन्हातच असतो, न गेल्यावर कसं होतं ते माहीत नाही.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या अंगात रोगाशी लढायला एक राखण असते. माझी राखण बिथरली होती आणि माझ्याच अंगावर धावून येत होती. मी मनात म्हटलं, राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागलं. ते का बिथरतं हे नक्की सांगता येत नाही, पण ऊन त्याला डिवचतं. नुसती कातडी भाजते असं नाही. उन्हानं आतला आजार उसळतो, सांधे, रक्त, मूत्रपिंड, कुठंही. म्हणून ऊन बंद. कडक बंद, आणि कोवळंसुद्धा बंद.

कोवळं म्हटल्यावर मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलाकडं बघत होत्या. एरवी ही बाई देवळात पुजाऱ्याची चूक काढते.

परतीच्या एसटीत माझ्या बाजूच्या खिडकीतून ऊन येत होतं. आत्याबाई उठल्या, मला आत सरकवलं, स्वतः खिडकीला बसल्या आणि पदराचं टोक काचेत अडकवून हातानं धरून ठेवलं. जालन्यापर्यंत हात खाली घेतला नाही. तेलाची बाटली त्यांनी दवाखान्यातच कुठंतरी ठेवून दिली होती, हे मला घरी आल्यावर कळलं.

जाळीतली सावली

गोळ्यांनी गुण आला. चेहरा मात्र पुरीसारखा फुगला. जालन्याला कॉलेजात असलेली माझी लेक सुट्टीत आली आणि दारातच क्षणभर थबकली, ते मी पाहिलं. पण सांधे सुटले, मूठ वळायला लागली. उन्हाळा मी घरात काढला. वाटलं, चला, जिंकलो.

दिवाळीनंतर जाळीत काम सुरू झालं. टोळीतल्या बायका सकाळी गल्लीतून हसत जायच्या आणि मी दाराच्या फटीतून ऐकायची. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. मंग एक दिवस माझ्या डोक्यात आलं, डॉक्टरांनी सावलीत राहा म्हटलंय, मग जाळीत काय ऊन आहे? वर हिरवं आभाळ असल्यासारखी ती जाळी, आत आल्यावर डोळ्यांना गार वाटतं. माझ्या सगळ्या आयुष्यात सावली म्हणजे तीच. यांनाही पटलं. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, डॉक्टरला एकदा फोन करून इचार. मी केला नाही. विचारलं तर नाही म्हणतील हे आतून माहीत होतं.

पहाटेच जाऊन मी माझ्या रांगेत बसले. मुमताजबीनं चिमटा पुढं केला आणि म्हणाली, “आ गई महाराणी. आता काम बराबर होईल.” त्या पंधरवड्याइतकी सुखी मी वर्षभरात नव्हते. हात पूर्वीसारखे चालत नव्हते, पण गप्पा पूर्वीसारख्या चालत होत्या.

मग पाय सुजले. बोटानं दाबलं की खड्डा राहायचा. डोळ्यांखाली पिशव्या आल्या. लघवीला फेस यायला लागला. पुन्हा तोच दवाखाना, या वेळी भरती. आजार मूत्रपिंडापर्यंत गेला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठं बसत होता? मी सांगितलं. त्यांनी जाळी कधी पाहिलेली नव्हती, म्हणून मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, “ताई, आत मिरची वाढते ना? मग मिरचीला लागतं तेवढं ऊन आत येतच असणार.”

बियाण्याच्या शेतीत जन्म गेला माझा. ही जाळी ऊन अडवायला नाही, मोजकं आत सोडायला असते, हे मी गिऱ्हाइकाला झोपेतही सांगितलं असतं. पण स्वतःच्या बाबतीत बाई अडाणी होते ती अशी.

वॉर्ड

वॉर्डात मला खिडकीजवळची खाट मिळाली होती. थंडीचे दिवस, त्या खाटेवर सगळ्यांचा डोळा. मी नर्सबाईंना म्हटलं, मला कोपऱ्यात टाका. समोरच्या आजी आनंदानं माझ्या जागी गेल्या आणि सगळ्या वॉर्डाला सांगत सुटल्या की बघा, किती मोठ्या मनाची बाई. मोठं मन फुकट मिळत असेल तर कशाला सोडा.

तिथला दिवस सलाइननं सुरू व्हायचा. मोठे डॉक्टर यायचे, कागद बघायचे, जायचे. हे आठवड्यातून दोनदा यायचे, कारण शेताला पाणी द्यायला दुसरा माणूस नव्हता. आले की पलंगाच्या पायथ्याशी बसायचे, मोटर जळाली, अमक्या रांगेला रोग पडला असं सांगायचे आणि गप्प व्हायचे. एकदा मीच विचारलं, मी नीट नाही झाले तर? ते म्हणाले, असं नको बोलू. पण मला बोलायचंच होतं. आजारी माणसाला सगळ्यात एकटं कधी वाटतं सांगू? त्याच्या मनात मरणाचा विचार असतो आणि समोरचा मोटरीचं सांगत असतो तेव्हा. त्यांचंही खरं होतं. मोटर खरंच जळाली होती.

दुपारी खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत यायचं. मी त्याच्याकडं बघत पडायची. कुठवर येईल, माझ्या खाटेपर्यंत येईल का. कोपऱ्यात ते कधी आलं नाही. मला तेव्हा फार रडू यायचं, आणि ते सुटकेचं होतं की कशाचं, मला आजही सांगता यायचं नाही.

एक पुडी ऊन

घरी आल्यावर खरा एकांत सुरू झाला. तुम्ही कधी लक्ष दिलंय का, आमच्या गावांत सगळं जगणं उन्हात चालतं. धुणं, वाळवण, निवडण-टिपण, भांडणं, समेट, लग्नं. लग्न तर भर बाराच्या उन्हात लागतं. मी आत बसले आणि या सगळ्यातून आपोआप वगळली गेले. कुणी दुष्टपणा केला नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, तर कळलं की मला कशाला त्रास म्हणून बोलावलं नव्हतं. अशा मायेला काय उत्तर द्यायचं?

काहीजणी पाठीमागं बोलायच्याही. कुणब्याच्या बाईला ऊन सोसंना म्हणे, सावलीतली राणी झाली. छत्री घेऊन, पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून, तोंडाला पांढरं मलम फासून मी एकदा दुकानात गेले तर पारावरची माणसं बोलायची थांबली. त्यानंतर किराणा हेच आणायला लागले.

ऊन नाही म्हणून हाडं कमजोर होऊ नयेत, यासाठी डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी दिली, दुधातून घ्यायची. इतरांना अंगणात फुकट मिळतं ते मला पुडीतून. पहिल्या दिवशी मी वाटीतलं दूध पिऊन म्हटलं, घ्या, झालं माझं ऊन खाऊन. हसायला कुणी नव्हतं.

आत्याबाई घरात होत्या, पण नव्हत्या. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी ओट्यावर बसणं सोडलं होतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत, धान्याच्या कोठीजवळ घोंगडी पांघरून बसायच्या. मला वेळेवर भाकरी, वेळेवर गोळी, सगळं हातात. पण बोलणं कामापुरतं. दोन खोल्यांत दोन बायका आणि घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज. मला वाटायचं, मी डॉक्टरला फोन केला नाही म्हणून त्या रागावल्यात. आणि माझ्यात त्यांना विचारायची हिंमत नव्हती. मला आजाराची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त भीती याची वाटायची की उरलेलं आयुष्य असंच जाणार, औषधांवर जगलेलं आणि कुणाशी न बोललेलं.

या हिवाळ्यात

यंदा थंडी चांगली पडली. लघवीचा रिपोर्ट बराच सुधारला, गोळ्या कमी झाल्या, गालफडं परत दिसायला लागली. उलट आत्याबाईंचे गुडघे मात्र धरले. एका सकाळी न्हाणीत जाताना त्या उंबऱ्यावर अडखळल्या आणि तिथंच बसल्या. मी धावत गेले. पाय थंडगार.

मी म्हटलं, “आत्याबाई, उन्हात जाऊन बसा ना. कशाला कोठीपाशी बसता?”

त्या गुडघाच चोळत राहिल्या. मंग म्हणाल्या, “मीच बसवलं तुला तिथं. रोज. तू न्हाई म्हणायची, तरी बसवलं. आता त्याच्याकडं तोंड करावं वाटत न्हाई मला.”

वर्षभर मी ज्याला राग समजत होते ते हे होतं. त्यांना काय सांगावं? की तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, की तुमच्या हातानं चोळलेल्या तेलाची ऊब मला अजून आठवते? मी सगळंच सांगितलं, जसं येईल तसं, उंबऱ्यात बसून. त्या ऐकत होत्या की नाही कळेना. शेवटी मी चिडले. माझा तो स्वभाव आहे. म्हटलं, माझं ऊन गेलं ते गेलं, तुमचंही मी घालवलं असं गाव म्हणेल. उठा.

आमचा ओटा पूर्वेला तोंड करून आहे, वर पत्रा. सकाळी सूर्य खाली असतो तेव्हा ऊन पार आत, दारापर्यंत येतं. मग सूर्य जसा चढतो तशी पत्र्याची सावली दारापासून बाहेर सरकत जाते. मी हे अनेक महिने आतून बघत आले होते, कुणाला सांगितलं नव्हतं. मी आत्याबाईंचं पोतं उन्हात टाकलं, त्यांना बसवलं. स्वतः तोंडाला मलम लावलं, डोक्यावरून ओढणी घेतली, अंगणातल्या चकाकीकडं पाठ केली आणि दाराच्या आत, सावलीत बसले. मध्ये तुरीच्या शेंगांचं सूप. सूप अर्धं उन्हात, अर्धं सावलीत. त्या त्यांच्या बाजूनं सोलायच्या, मी माझ्या.

पहिले दोन दिवस आम्ही शेंगांविषयीच बोललो. कीड किती, दाणा कसा. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी शेजारणीच्या सुनेचं एक प्रकरण काढलं, आणि मला कळलं की ही बाई आता परत आली.

डॉक्टरीणबाईंना या वेळी आधी विचारलं. त्या म्हणाल्या, सावलीत, अंग झाकून, थोडा वेळ चालेल, पण जपून. म्हणून तेवढंच. बाकीचा दिवस अजूनही घरातच जातो आणि दुपार अजूनही लांब असते. जे आहे ते आहे, गोड करून सांगणार नाही. टोळीतल्या बायका गल्लीतून जातात. मुमताजबी कधी थांबते, ओट्याच्या पायरीवर मिरचीच्या चार कळ्या ठेवते आणि म्हणते, “बघ, दोरा बराबर बांधला का?” तिला माझी पारख लागते असं नाही. मी कळ्या उलटसुलट करून बघते, आणि बराबर असला तरी एखादी चूक काढतेच.

हे वाचणाऱ्या बाईला एवढंच सांगते. गालांवर आणि नाकावर लाली, सांधे सुजलेले, उन्हातून आल्यावर दिवस दिवस उठवत नाही, असं असेल तर रापलं म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरकडं जा. गोळी मनानं बंद करू नकोस. आणि घरातलं कुणी गप्प झालं असेल तर ते रागानंच गप्प आहे असं धरून चालू नकोस. मी धरून चालले.

काल सकाळचं सांगते. आम्ही बसलो होतो. ऊन चढत होतं आणि सावलीची रेघ दारातून पुढं सरकत होती. मी शेंगा सोलण्यात गुंग. आत्याबाईंनी स्वतःचं पोतं हातभर पुढं, पायरीकडं ओढलं, सूप ओढलं, आणि जिथं त्या आतापर्यंत बसल्या होत्या त्या जागेवर हात फिरवून पाहिला. फरशी अजून कोमट असावी. त्यांनी मान वर करून पत्र्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“इथवर सावली आली बघ,” त्या म्हणाल्या. “सरक पुढं.”